२०३ अंश, तरीही चिवट

शनिवारी सकाळी नऊला दुकानात रात्रभर भट्टीत धुरावर शिजवलेलं पहिलं ब्रिस्केट कापलं आणि पहिल्याच कापात कळलं, काहीतरी बिनसलंय. पेन्सिलीएवढा जाड काप बोटावर टाकला की दोन्हीकडे लवायला हवा, हलकं ओढलं की सुटायला हवा. हा ताठच राहिला. ओढला तर रबरासारखा ताणला गेला, आणि चव कोरडी.

रात्रपाळीचा सहकारी म्हणाला, "जास्त शिजलं. उरलेली सात बारीक चिरून सँडविचला लावू." त्याच्या थर्मामीटरनं २०३ फॅरनहाइट दाखवले होते, म्हणजे ९५ सेल्सियस. इथे टेक्सासात हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि त्यानंच घात होतो. मांस कमी शिजलं होतं.

ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचा भाग. आपल्याला असतं तसं गळ्याजवळचं आडवं हाड गुरांना नसतं, पुढचा बराचसा भार हे स्नायू पेलतात. म्हणून त्यांत कोलॅजन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, खच्चून भरलेलं. ते विरघळून मऊ जिलेटिन व्हायला उष्णता लागते, तितकाच वेळही लागतो. मधेच उतरवलं तर स्नायूतलं पाणी निघून गेलेलं असतं आणि जिलेटिन तयार नसतं. हा कोरडेपणा तो. खरोखर जास्त शिजलेलं ब्रिस्केट ताणलं जात नाही, सुरीखाली त्याचा भुगा होतो.

कारण नोंदवहीत सापडलं. १६० फॅरनहाइटच्या आसपास थर्मामीटरचा काटा तासन्‌तास अडतो, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडताना मांस गार करत राहतं. अशा वेळी भट्टी २५० वर ठेवायची, वरची साल काळी आणि घट्ट झाली की गुलाबी बुचर पेपरात, म्हणजे मांस गुंडाळायच्या कागदात, बांधायचं आणि थांबायचं. या सहकाऱ्यानं पोस्ट ओक या झाडाची लाकडं सारून भट्टी ३२५ वर नेली. काटा पळत २०३ ला पोचला, कोलॅजन मागेच राहिलं. पहाटे तीनला धीर सुटतो हे मान्य, पण या कामात धीर हेच कौशल्य आहे.

उरलेली सात उबदार पेटीत होती. ब्रिस्केटचे दोन भाग: कमी चरबीचा, सपाट तो फ्लॅट आणि जाड, चरबीदार तो पॉइंट. प्रत्येकाच्या फ्लॅटमध्ये, सर्वांत जाड जागी, सळई घातली. दोनांत लोण्यात जावी तशी गेली, पाचांत अडकली. त्या पाचांना वितळलेल्या चरबीचा हात लावला, नव्या कागदात बांधलं आणि २५० वर दीड तास ठेवलं. मग तासभर विसावा. दुकान अकराऐवजी साडेबाराला उघडलं.

चार सुधारली. कापताना फ्लॅट आणि पॉइंट वेगळे करून सुरी वळवली, कारण दोघांचे धागे वेगवेगळ्या दिशांना धावतात. पाचव्याचा पॉइंट थरथरत होता, इतका मऊ, पण फ्लॅट शेवटपर्यंत हटला नाही. ते ब्रिस्केट फायरबॉक्सच्या, म्हणजे भट्टीत आग पेटते त्या कप्प्याच्या, तोंडाशी होतं. पण त्याच्या शेजारचं, तितक्याच वजनाचं, उत्तम निघालं. दोष जागेचा होता की जनावराचा, हे अजून सुटलेलं नाही. पुढच्या शनिवारी त्या जागी फ्लॅट आगीच्या उलट बाजूला करून ठेवणार आहे.