न पेटणारा लाल दिवा

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पेटून राहिला की गिऱ्हाईक घाबरून गाडी घेऊन येतं. तो कधी पेटतच नाही, अशी तक्रार घेऊन कुणी येत नाही. खरं तर यायला हवं.

दूधवाल्या मामांची जुनी व्हॅन आली ती ‘बॅटरी सारखी उतरते’ म्हणून. नवी बॅटरी टाकून झाली होती, बॅटरी चार्ज करणारा डायनामोही बदलला होता. ‘दिवा लागतच नाही, मग चार्जिंगमध्ये खोट कशी असेल?’ हा मामांचा प्रश्न. मल्टीमीटर लावून रेस दिली, तर 14.2 व्होल्ट, म्हणजे चार्जिंग चालू. आधीच्या गॅरेजवाल्यांनी एवढंच बघून गाडी परत दिली असणार. मी गाडी बंद केली, पुन्हा स्टार्ट केली आणि रेस न देता बघत राहिलो. 12.3, आणि आकडा खालीच सरकत होता, म्हणजे चार्जिंग होतच नव्हतं. रेस दिली की लगेच 14 च्या वर.

डायनामोला सुरुवातीला थोडा करंट बाहेरून लागतो आणि अशा जुन्या गाड्यांत तो त्या लाल दिव्यातूनच रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला, जातो. म्हणून किल्ली फिरवली की दिवा पेटतो. डायनामो चालला की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच व्होल्ट होतात आणि तो विझतो. बाहेरचा करंट मिळाला नाही, तर रोटरच्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावरच भिस्त, आणि त्याला जोराचा वेग लागतो. मामांचा रतीब म्हणजे दर दुकानापाशी गाडी बंद, परत चालू, रेस जेमतेम. बॅटरी उतरणारच.

किल्ली ऑन केली. ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा नाही. दिव्याकडून डायनामोच्या मागे येणारी बारीक वायर काढून बॉडीला टेकवली, तरी नाही. म्हणजे डायनामोचा दोषच नव्हता. डॅशबोर्डवरचा मीटर उघडला, तर मामांच्या मुलाने हौसेने सगळे बल्ब काढून एलईडी बसवलेले, आणि बॅटरीच्या जागचा नेमका उलटा बसलेला, म्हणून त्यातून करंटच जात नव्हता. सुलटा केला. पेटला, पण स्टार्ट केल्यावर रेस देईपर्यंत विझेना, कारण एलईडीतून जाणारा करंट रोटरला पुरत नाही. बाकीचे दिवे हौसेने बदला, माझी हरकत नाही. हा शोभेचा नाही. दोन-तीन वॅटचा साधा तारेचा बल्ब घातला. किल्लीला पेटला, स्टार्टला विझला, रेस न देता 14.1.

काढलेला डायनामो मामांनी गोणीत ठेवला होता. तो बेंचवर फिरवून पाहिला. रोटरला करंट पोचवणारे, घासून झिजणारे कार्बन निम्म्याहून जास्त शिल्लक, चार्जिंग चोख. भंगारात घालू नका, असं बजावून तो परत गाडीत ठेवला.