चेहरा हिरवा का?

माझ्या व्यक्तिचित्रांसमोर उभं राहून कुणी हसत, कुणी चिडून विचारतं, "माणसाचा चेहरा कधी हिरवा असतो का हो?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीटच सांगते.

नसतो. पण केशरी तरी कुठे असतो? म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं सावळाराम हळदणकरांचं जलरंगातलं चित्र आठवा. हातात दिवा घेतलेली बाई, ज्योतीआड धरलेला हात, बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड. त्या रंगावर कुणी कुरकुर करत नाही, कारण दिवा चित्रातच आहे. रंगाचं कारण दिसलं की आपण तो निमूट मान्य करतो. माझ्या चित्रांत ते कारण समोर बसलेल्या माणसात असतं, किंवा त्याच्याकडे बघताना माझं जे होतं त्यात. ते दिव्यासारखं दाखवता येत नाही.

हे धाडस काही माझं नाही. १९०५ साली फ्रेंच चित्रकार मातीसनं पॅरिसमध्ये आपल्या बायकोचं टोपीतलं चित्र प्रदर्शनात मांडलं, तेव्हा लोक खवळले आणि समीक्षकानं त्या दालनातल्या चित्रकारांना 'रानटी जनावरं' ठरवलं. पण मी जास्त वेळ बघत बसते ते त्याच वर्षीचं, तिचंच दुसरं चित्र. आज ते कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे. कपाळावरून नाकाच्या दांडीवर सरळ उतरणारा हिरवा पट्टा, त्याच्या एका बाजूला पिवळट गाल, दुसऱ्या बाजूला गुलाबी. शाळेत शिकवलेल्या पोर्ट्रेटमध्ये एक बाजू उजेडात आणि एक सावलीत असते. मातीसनं तिथे उबदार आणि थंड रंगांची वाटणी केली आणि सावलीची रेघ हिरव्यानं ओढली. बघायला बेफाम, पण आतला हिशेब चोख आहे.

तो हिशेब टोनचा. रंग कुठलाही घ्या, पण तो त्या जागी हवा तितकाच गडद किंवा उजळ पाहिजे. पटत नसेल तर माझ्या कुठल्याही चित्राचा मोबाइलवर फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. हिरवा जाईल, चेहरा राहील. नाही राहिला तर मात्र चित्र फसलं म्हणायचं.

आता भावना. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, हे तक्ते इंटरनेटवर ढीगभर आहेत. मला त्यांचा काडीचाही उपयोग झालेला नाही. रंग एकटा काही बोलत नाही, शेजाऱ्यामुळे बोलतो. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाईचं काम पाहणाऱ्या शेव्हरल या रसायनतज्ज्ञानं १८३९ मध्ये हे सविस्तर मांडलं. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. खोट काळ्या रंगात नव्हती, त्याच्या शेजारच्या रंगांत होती.

आमच्या गल्लीत खानावळ चालवणाऱ्या काकूंना मी दुपारची पंगत उठल्यावर बसवलं होतं. गालांवर गॅसच्या धगीचा लाल तसाच होता. डोळ्यांखाली मी विरिडियन हा गर्द हिरवा लावला, थोडा पांढरा मिसळून. त्यासरशी गालांचा लाल असा काही पेटला की मी त्याला पुन्हा हात लावला नाही, तसाच ठेवला. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाशेजारी तोच लाल नुसता मेकअप वाटला असता.

काकूंनी चित्र पाहिलं. "अगं, मी एवढी आजारी दिसते?"

मुलगा म्हणाला, "आजारी कसली, चिडलेली दिसतेस."

मला त्या दमलेल्या दिसल्या होत्या.

आणि हो, दिवाणखान्यात लावायला सासऱ्यांचं चित्र हवं असेल तर तेही करते. मातकट पिवळा यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अगदी फोटोबरहुकूम. त्याचे पैसेही जास्त मिळतात.