तुम्ही विचारलंत म्हणून: हिरवे एल्फ घाबरट होते का?

टोल्किनच्या काल्पनिक जगात एवढे मोठमोठे एल्फ, म्हणजे तिथले अमर लोक, असताना तू त्या लाइक्वेंडींचं, म्हणजे हिरव्या एल्फांचं काय घेऊन बसलीयेस, ते तर जंगलात लपून राहिले, साधा राजासुद्धा केला नाही! हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा लिहूनच टाकते.

लपून राहिले, खरंय. पण आधी आमोन एरेब टेकडीवर काय झालं ते तर बघा. डोरिआथचा एल्फ राजा थिंगोल याने हाक मारली आणि यांचा राजा डेनेथोर ओसिरिआंडमधून, म्हणजे त्यांच्या मुलुखातून, आपले लोक घेऊन निघाला, लढाई त्याच्या दारात आलेली नसताना. टोल्किनच्या 'सिल्मरिलियन' पुस्तकात हे दोन-चार ओळीत उरकलंय म्हणून तुमच्या नजरेतून सुटतं. समोरच्या ऑर्कांच्या, म्हणजे शत्रूच्या राक्षसी सैनिकांच्या, पायात लोखंडी जोडे, हातात लोखंडी ढाली, रुंद पात्यांचे लांब भाले, आणि यांच्याकडे हलकी हत्यारं, बस. डेनेथोर बाकीच्यांपासून तुटला, टेकडीवर चहूबाजूंनी घेरला गेला आणि थिंगोल पोचायच्या आत पडला, त्याच्या जवळचे सगळे नातेवाईक त्याच्याभोवतीच पडले. थिंगोलने मग मागून येऊन ऑर्कांचे ढीग पाडले, सूड घेतला, सगळं खरं, पण ज्यांचा माणूस गेला त्यांना त्याचं काय? त्यानंतर त्यांनी पुन्हा कधीच राजा केला नाही. बरेच जण थिंगोलच्या राज्यात जाऊन तिथलेच झाले. जे ओसिरिआंडला परतले ते पानांच्या रंगाचे कपडे घालून राहायला लागले आणि त्यावरूनच त्यांना हिरवे एल्फ म्हणायला लागले. म्हणजे ज्या नावाने तुम्ही त्यांना ओळखता ते त्या पराभवानंतरचं आहे.

आधी मीच म्हणायचे की निदान नवा राजा तरी करायचा, एका लढाईने असं कुणी मिटून घेतं का. आता तेवढं ठामपणे म्हणवत नाही. भीती होती, पुस्तकातच लिहिलंय, मी कशाला नाकारू? पण पुढे थिंगोलचं डोरिआथ लुटून निघालेल्या ड्वार्फांना, म्हणजे बुटक्या लोकांना, सार्न अथ्राड इथे नदीच्या उतारावर बेरेन या मानव योद्ध्यासोबत कोणी गाठलं? यांनीच. समोरासमोर नाही, झाडीत दबा धरून, पण आले ना?

हां, बेओर या मानव सरदाराची माणसं आली तेव्हा ही माणसं झाडं तोडतात, यांना इथून हलवा म्हणून हे हिरवे एल्फ एल्फ राजा फिनरॉडकडे तक्रार घेऊन गेले, ते मला अजूनही खटकतं आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण राजा न करणं हे दुःखाने की भीतीने, यातलं एक निवड म्हणाल तर नाही निवडणार.