नाशिकच्या भाड्याच्या खोलीतून पहिलं गाणं: माझा अनुभव

नाशिकमध्ये कॉलेज करता करता स्वतःचं गाणं बाहेर काढू पाहणाऱ्या बहुतेकांकडे आवाज असतो, चालही असते. अडतं ते पुढे. खोली घुमते, पेटी आणि कीबोर्ड जुळत नाहीत, गाणं नक्की कोणाच्या नावावर हे कुणी विचारलेलंच नसतं, आणि पैसे आलेच तर कुठल्या वाटेने येणार याचा पत्ता नसतो. या सगळ्यातून मी गेले आहे, म्हणून जे उपयोगी पडलं ते कामाच्या क्रमाने लिहिते. मुंबईला कधी जायचं, हे सगळे पहिल्यांदा विचारतात. माझ्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटी येतो.

आधी खर्चाचं बघू. गाण्याला लागणारा पैसा गाण्यातूनच उभा करता येतो आणि त्यासाठी नाशिक बरं गाव आहे. लॉन्सवरची लग्नं, मेंदी-संगीत, नवरात्रातले ऑर्केस्ट्रा, वायनरींमधले शनिवार-रविवारचे कार्यक्रम, दिवाळीतल्या पाडवा पहाट. मुख्य गायकापेक्षा साथीदाराला आणि कोरसला काम लवकर मिळतं, त्यामुळे गाणाऱ्याने एखादं वाद्य निदान साथीपुरतं हातात बसवावं. ऑर्केस्ट्रात उभं राहायचं तर तीस-चाळीस गाणी पट्टीसकट, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा त्यासकट, पाठ हवीत. मूळ गाणं कुठल्या पट्टीत आहे आणि आपल्याला ते पेटीच्या काळी चारमध्ये झेपतं की काळी पाचमध्ये, हे कीबोर्डवाल्याला मंचावर नव्हे, आदल्या दिवशी सांगायचं.

मानधन ठरवताना तीन गोष्टी मेसेजवर लिहून घ्याव्यात: निम्मी रक्कम आगाऊ, रात्री परत सोडण्याची गाडी, आणि साउंडचेकची वेळ. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी असते. सातचा कार्यक्रम वरातीमुळे नऊला सुरू झाला तर गायला तासभरच मिळतो, आणि मग "गाणी कमी झाली" म्हणून पैसे कापायची भाषा सुरू होते. म्हणून मानधन गाण्यांच्या संख्येवर ठरवू नये, ठरलेल्या वेळी हजर राहण्यावर ठरवावं. लग्नसराई आणि सेमिस्टर परीक्षा एप्रिल-मेमध्ये हमखास एकमेकींवर येतात. त्या काळात स्थिर आधार शिकवणीचा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा ही परीक्षा पूर्ण झालेली असेल तर प्रारंभिक आणि प्रवेशिका या खालच्या परीक्षांची मुलं घेता येतात, आणि ज्या गावात गायक पलुस्करांच्या नावाचं सभागृह आहे तिथे मुलांना गाण्याच्या शिकवणीला घालणारे पालक मिळतात.

आता खोली. भाड्याची खोली बहुधा दहा बाय दहा आणि उंचीही तेवढीच. रेकॉर्डिंगसाठी हा सर्वांत वाईट आकार. 10 फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत साधारण 56 हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले 113, 170 असे स्वर फुगतात, आणि लांबी-रुंदी-उंची सारखी असली की तिन्ही दिशांनी तेच फुगतात. पुरुषी आवाजाचा खर्ज यात नेमका सापडतो. खोलीच्या बरोबर मध्यावर उभं राहू नये, एका भिंतीपासून एक तृतीयांश अंतरावर उभं राहून बघावं. गोधड्या आणि गाद्या लावायच्या त्या गाणाऱ्याच्या पाठीमागे, कारण माइकचं तोंड तिकडे असतं आणि पाठच्या भिंतीवरून परतणारा आवाज तोच आधी पकडतो. गोधडी भिंतीला चिकटवण्यापेक्षा दोरीवर, भिंतीपासून वीतभर पुढे टांगली तर जास्त शोषते. तरीही ती वरचे स्वर खाते, खर्जाचा फुगवटा तसाच राहतो, त्यामुळे जागा बदलून बघण्याला पर्याय नाही. लोखंडी कपाट एखाद्या स्वरावर थरथरतं. कपडे ठासून भरले की गप्प बसतं.

पंखा बंद, फ्रिज बंद. गणपतीच्या आधीचे आठवडे संध्याकाळी काही रेकॉर्ड होणार नाही हे धरूनच चालावं. ढोल पथकांचा सराव सुरू असतो आणि ढोलाचा खर्ज कुठल्याही खिडकीतून आत येतो. घरमालकिणीला आधी सांगून पहाटेची वेळ घेतलेली बरी. सुरुवातीला अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवावी, पुढे खोलीचा गुणगुणाट काढताना तोच नमुना लागतो.

माइकच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. घुमणाऱ्या खोलीत स्वस्त कंडेन्सरपेक्षा (स्टुडिओतला, बारीक आवाजही टिपणारा माइक) मंचावरचा साधा डायनॅमिक माइक, शुअर एसएम 58 सारखा, जवळून गायलेला चांगला लागतो. कंडेन्सर खोलीही तितक्याच प्रामाणिकपणे ऐकवतो, आणि त्याला 48 व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे तारेतूनच वीज, देणारा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा) लागतोच. इंटरफेस दोन चॅनेलचा घ्यावा किंवा मागून आणावा. यूएसबी माइक घेतला तर तबला आणि डग्गा वेगळे घेता येत नाहीत. डायनॅमिक माइक ओठांपासून चार बोटं, कंडेन्सर वीतभर, आणि दोन्ही किंचित तिरके, म्हणजे "प" आणि "भ"चा फटका थेट बसत नाही. 24 बिटवर रेकॉर्ड करताना आवाज वर ढकलण्याचं कारण नाही. सर्वांत चढी जागा उणे 6 डेसिबलच्या खाली राहू द्यावी. सॉफ्टवेअरमधला बफर, म्हणजे आपला आवाज कानात परत यायला किती उशीर होईल ते ठरवणारा आकडा, गाताना 128, मिक्स करताना 1024. सॉफ्टवेअरसाठी पायरेटेड प्रती शोधत बसू नये. रीपर 60 दिवस पूर्ण चालवून बघता येतं आणि छोट्या वापराचा परवाना 60 डॉलरचा आहे.

मराठी गाणं खरं बिघडतं ते सुरात. पेटीचे सूर हाताने लावलेले असतात आणि वापराने, धुळीने सरकतात. कीबोर्ड मात्र 440 हर्ट्झवर पक्का. पेटी दहा सेंटने (एक सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढी असली तरी 440 च्या आसपास सेकंदाला अडीच लाटा ऐकू येतात. श्रोत्याला कारण कळत नाही, पण गाणं कच्चं वाटतं. माझी पद्धत अशी: आधी पेटीचा एकेक स्वर फोनवरच्या ट्यूनरला दाखवायचा. सगळे स्वर सारखेच चढे असतील तर कीबोर्ड आणि बाकीची सॉफ्टवेअर वाद्यं तेवढी चढवायची, पेटी खाली ओढायची नाही, कारण ओढल्याने तिचा भाता आणि श्वास कृत्रिम होतो. प्रत्येक स्वर वेगळ्या दिशेला सरकलेला असेल तर ती पेटी त्या गाण्यात घेऊच नये.

गळ्याचंही तसंच. तानपुऱ्यावर तयार झालेला शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटने खाली असतो. सूर दुरुस्त करणारं ऑटोट्यून आपोआप चालू ठेवलं तर ते हा गंधार वर खेचतं, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पायऱ्यापायऱ्यांची करतं आणि आंदोलन (स्वराचं हळुवार डोलणं) पुसून टाकतं. दुरुस्ती करायचीच असेल तर हाताने, एखाद-दुसऱ्या स्वरापुरती. त्यापेक्षा पुन्हा गावं.

तबला प्रत्येक टेकआधी षड्जाला लावून घ्यावा. पावसाळ्यात पुडी ओल धरते, सूर उतरतो आणि दोन टेक एकमेकांना जोडता येत नाहीत. ज्याला क्लिकची सवय नाही अशा तबलजीच्या कानात टिकटिक सोडू नये, ती त्याला अडखळवते. त्याच लयीतला केरव्याचा ठेका लूप करून द्यावा, तो सहज वाजवतो.

सगळं घरीच करण्याचा हट्ट नको. मी वाद्यं आणि कच्चा आवाज खोलीत करते आणि पक्का आवाज स्टुडिओत तासावर घेते. जाताना शब्दांच्या छापील प्रती, पट्टी, लय आणि कच्चा ट्रॅक सोबत असला की भाड्याचा वेळ गाण्यातच जातो. निघण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणाऱ्या वेव्ह फाइलमध्ये पेनड्राइव्हवर घ्यावा. "नंतर पाठवतो" यावर निघू नये. शेवटचं मिक्स उणे 14 एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) आसपास आणि शिखर उणे 1 डेसिबलच्या खाली ठेवलं की स्पॉटिफाय त्याला फारसं हात लावत नाही.

आता कागद. माझ्या लेखी गाणं इथे पूर्ण होतं. एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. पहिल्या दोन कवीच्या आणि संगीतकाराच्या. तिसरी, ज्याने मुद्रण घडवून आणलं आणि त्याची जबाबदारी घेतली त्याची. म्हणून एखाद्या चॅनलवाल्याने "खर्च मी करतो" म्हटलं की मुद्रण त्याचं होण्याची वाट मोकळी होते. रेकॉर्डिंगच्याच दिवशी एका पानावर लिहावं: शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाद्यसंयोजन कोणाचं, खर्च कोणाचा, कोणाचा किती टक्के. नावं पॅन कार्डावरची, खाली सह्या. मित्रांमध्ये हे मागायला जड जातं, तरी गाणं चालायच्या आधीच मागावं. चालल्यानंतर कोणी आनंदाने सही करत नाही.

कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पुरावा हवा असेल तर शब्द आणि चाल यांची प्रत्येकी 500 रुपये, ध्वनिमुद्रणाची 2,000 रुपये भरून नोंदणी होते. अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनेच जातो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभर वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही नसेल तर तो परत येतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर कवी आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देता येत नाही, तशी सही घेतली तरी ती टिकत नाही. त्यामुळे "कायमस्वरूपी, सर्व हक्क, जगभर" असं छापलेलं पान समोर आलं तर ते घरी नेऊन वाचायचं. आणि जो "अल्बममध्ये संधी" देण्यासाठी आपल्याकडूनच पैसे मागतो, त्याचं पान वाचायचीही गरज नाही.

देवीची गाणी, अभंग यांत आपल्याकडे मोठा घोटाळा होतो. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण तुम्ही ज्या चालीवर गाता ती विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असेल तर ती सर्वांची नाही. संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं तिच्यावर हक्क राहतो. शब्द घ्या, चाल स्वतःची बांधा. चित्रपटगीतांची कव्हर, म्हणजे तीच गाणी आपल्या आवाजात, आवाज ऐकवायला ठीक, पण यूट्यूबवर त्यांच्या जाहिरातींचे पैसे कंपनी दावा करून घेऊ शकते. कायद्यातली कव्हरची सोय मूळ मुद्रणानंतर पाच कॅलेंडर वर्षांनी लागू होते आणि वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरायला लावते. विद्यार्थ्याला ती परवडत नाही.

कवी आणि संगीतकाराने आयपीआरएसचं सभासदत्व घ्यावं. 1969 पासूनची ही संस्था रेडिओ, मंच, हॉटेल, ऑनलाइन अशा वापराची रॉयल्टी गोळा करून वाटते. सभासद होऊन थांबू नये, प्रत्येक गाणं तिथे वेगळं नोंदवावं लागतं. हे पैसे डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीकडून, येत नाहीत, म्हणून बहुतेकांना ते आहेत हेच माहीत नसतं.

डिस्ट्रिब्युटर निवडताना वार्षिक शुल्काचा नियम नीट बघावा. डिस्ट्रोकिडसारख्या ठिकाणी वर्गणी थांबली की गाणी उतरू शकतात. सीडी बेबी एकदाच पैसे घेते आणि मिळकतीतले 9 टक्के कापते. एक-दोन गाणी असणाऱ्या विद्यार्थ्याला मी दुसरा प्रकार सांगते. मुखपृष्ठ 3000 बाय 3000 पिक्सेल, त्यावर फोन नंबर नको. स्वतःच्या नावाचं स्पेलिंग पहिल्या गाण्यापासून एकच ठेवावं, नाहीतर गाणं दुसऱ्याच कोणाच्या पानावर जाऊन बसतं. मिळालेला बारा अक्षरी आयएसआरसी, म्हणजे त्या मुद्रणाचा ओळख क्रमांक, जपून ठेवावा. डिस्ट्रिब्युटर बदलताना तोच दिला तर ऐकल्याचे आकडे टिकण्याची शक्यता राहते. गाणं बाहेर काढायची तारीख चार आठवडे पुढची घ्यावी आणि स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी ते निदान सात दिवस आधी सुचवावं.

पैशाच्या अपेक्षा मोजून ठेवाव्यात. स्पॉटिफायवर आधीच्या बारा महिन्यांत 1,000 वेळा ऐकलं गेल्याशिवाय त्या मुद्रणाचे पैसे सुरू होत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षात 4,000 तास पाहिलं जाणं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज, यानंतर. अमेरिकन कराचा फॉर्म पॅनसह भरून ठेवावा. तिथल्या श्रोत्यांकडून आलेल्या रकमेवर भारत-अमेरिका कर करारानुसार 15 टक्के कापले जातात, एरवी 30.

मुंबई यानंतर. दोन स्वतःची गाणी, नव्वद सेकंदांचा नमुना आणि फोनवरून ठरवलेली भेट, एवढं हातात असलं तर पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, तिथे खोली घ्यावी लागत नाही. सुरुवातीला काम कोरसचं किंवा डमीचं मिळतं. डमी म्हणजे मोठ्या गायकाने नंतर गावं म्हणून आधी गाऊन ठेवलेला आवाज. तो शिकवतो भरपूर, पण फुकट गाऊ नये. पैसे किती, आणि आपलाच आवाज शेवटच्या गाण्यात राहिला तर नाव आणि वेगळी रक्कम मिळणार का, हे हेडफोन लावण्याआधी मेसेजवर विचारून घ्यावं.