मोबाईलवर २३ मिमी, डब्यात ९४

मी माण तालुक्यात कृषी सहायक आहे. परतीच्या पावसाचे पंचनामे चालू होते, म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आणि मी, तिघांनी बांधावर जाऊन सह्या करायच्या. सकाळी मोबाईलवर आमच्या महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचा, पावसाचा आकडा आला, २३ मिमी. अतिवृष्टी धरायला २४ तासांत ६५ लागतात, त्यामुळे तलाठी भाऊसाहेब गाडीवर बसतानाच म्हणाले, हेलपाटा आहे नुसता.

गावात बघतो तर ताली, म्हणजे शेताचे बांध, फुटलेल्या, कांद्याचं रोप मातीसकट ओढ्यात, काढून टाकलेली बाजरी भिजून काळी पडलेली.

आता ह्यात नवल काही नाही. जून-जुलैत समुद्रावरचं बाष्प सह्याद्रीला धडकून वर चढतं, गार होतं आणि तिकडंच पडून जातं, म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमी आणि आम्हाला जेमतेम पाचशे. परतीला मात्र जमीन तापून हवा जागच्या जागी वर उठते, दुपारनंतर ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो पण रुंदीला चार-पाचच असतो, ह्या शिवारात धो धो आणि पलीकडच्या वाडीत धुरळा. आणि पाऊस मोजायचं यंत्र अख्ख्या मंडळाला एक! तेही दुसऱ्या गावात, लिंबाच्या झाडाखाली. झाडाच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब पाहिजे हे बसवणाऱ्याला कुणी सांगितलंच नसावं. आत दोन चिमुकल्या वाट्या असतात, एक भरली की कलंडते आणि तेवढे मिमी मोजले जातात. फनेलात लिंबाचा पाला अडकला की संपलं. जोराच्या सरीत तर कलंडतानाच पाणी निसटतं.

एक आजी मला हाताला धरूनच अंगणात घेऊन गेल्या. तेलाचा १५ किलोचा डबा, वरचा पत्रा कापलेला. "सायेब, दुपारीच रिकामा करून ठिवला हुता, कोंबड्यास्नी पाणी भरायला." डबा सरळ उभ्या भिंतींचा, त्यामुळे आतल्या पाण्याची उंची म्हणजेच पाऊस. बादली असती तर हिशोब चुकला असता. वळचण लांब होती, वर झाड नव्हतं. पोरीच्या कंपासपेटीतली पट्टी घातली, ९४ मिमी.

फोटो काढला आणि शेऱ्यात तसंच लिहिलं. भाऊसाहेब म्हणाले खोडा, उगाच चौकशी लागंल. खोडलं नाही. वरून फोन आला, डबा प्रमाणित आहे का? मी म्हटलं, साहेब, लिंबाखालचं यंत्र आहे का? त्यावर, "बघतो" म्हणाले. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर लिहून दिलंय, मदतीला तेवढं लागतं, पण यादी अजून तहसीललाच पडून आहे, आणि अतिवृष्टीच्या मंडळांत आमचं नाव नाही.