खचलेली फरशी बदलण्याआधी

न्हाणीघराजवळची फरशी खचली आहे, भिंतीला तिरकी भेग पडली आहे, तर आधी फरशी नवी बसवावी की ड्रेनेजची लाइन उकरावी, असे जुन्या घरांचे मालक मला नेहमी विचारतात. पाणी कुठे मुरते आहे हे सापडेपर्यंत फरशीवर खर्च करू नये, हे माझे ठाम मत आहे.

जुन्या घरांत जोत्याखालून गेलेली लाइन बहुधा भाजक्या मातीच्या, झिलई दिलेल्या स्टोनवेअर पाइपची असते. साधारण दोन-दोन फुटांचे तुकडे डांबरी सुतळी आणि सिमेंटने जोडलेले असल्यामुळे सांधे पुष्कळ आणि तेही ताठ, म्हणून खालची जमीन जराशी हलली तरी ते उलतात. मग सांडपाणी बाहेर झिरपते, बारीक माती पाइपात वाहून जाते आणि मोकळ्या झालेल्या जागेत घुशी बिळे करतात. एका घरात फरशी उचलली तेव्हा खाली हात कोपरापर्यंत जाईल एवढी पोकळी होती आणि सांध्यातून शिरलेल्या पिंपळाच्या मुळांची जटा पाइपभर पसरली होती. सोलापूर-अकोल्याकडच्या काळ्या जमिनीत हे दुखणे आणखी वाढते, कारण ती ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. गळतीजवळचा पाया एका तऱ्हेने हलतो, कोरड्यातला दुसऱ्या, आणि भिंत मधेच फाटते.

तपासणी अवघड नाही. खालच्या चेंबरकडचे तोंड बंद करून वरच्या चेंबरात पाणी भरावे, लाइन थोडा वेळ भिजू द्यावी आणि मग पातळीवर खूण करावी; पाणी उतरतच राहिले तर लाइन गळते आहे. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने पक्की करून शेजारी तारीख लिहावी. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे, आणि तोवर भेग भरण्यात अर्थ नाही.

गळकी लाइन बदलताना पायाला लागून सलग चर कधीही खणू देऊ नका; तीन-चार फुटांचा तुकडा खणून, बुजवून मगच पुढे जावे. रबरी रिंगच्या सांध्याचे पीव्हीसी पाइप थोडी हालचाल सोसतात. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट उतार द्यावा आणि पाइप भिंतीतून जातो तिथे भोवती मोकळी जागा ठेवावी. निघालेली काळी माती परत न टाकता मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांनी, किंचित ओलावून, धुमसाने ठोकून भरावा. पाणी सोडून भराव बसवण्याची कंत्राटदारांची घाई मला मुळीच मान्य नाही, कारण ते पाणी थेट पायात उतरते.

मात्र जागा असेल तर नवी लाइन घराखालून नेऊच नये. बाहेरून फिरवून प्रत्येक वळणावर चेंबर बांधावे, म्हणजे पुढच्या दुरुस्तीला घरातली एक फरशीही उचलावी लागणार नाही.