नांगराची साखळी, उनो बोर्ड आणि हरवलेले अंक

देवगड बंदरात आमच्या काकांची होडी आहे. पावसाळी बंदीत ती वर ओढलेली असताना त्यांनी विचारलं होतं, “भरतीक नांगर कित्याक सरकता, ता सांगात काय रे तुझा मशीन?” तेव्हापासून अर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डावर नांगराच्या साखळीचं गणित बसवायचं काम चालू आहे.

लोंबणारी साखळी कॅटेनरी या वक्रात लोंबते. साखळीची लांबी ल आणि खोली ख (यात नाळीची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची उंचीही धरली आहे) घेतली, तर साखळीची शेवटची कडी तळावरून नेमकी उचलली जाते तेव्हा वक्राचा स्थिरांक क = (ल² − ख²) ÷ २ख. क ला साखळीच्या मीटरमागच्या पाण्यातल्या वजनाने गुणलं की होडीची आडवी ओढ मिळते. ४० मीटर साखळी आणि ८ मीटर खोली घेतली तर क येतो ९६. मीटरला दोन किलो धरले तर ओढ १९२ किलो. भरतीने खोली १० मीटर झाली की क ७५ वर येतो आणि ओढ १५० किलोवर. साखळी तेवढीच, पण बेचाळीस किलो आधीच नांगराचा दांडा वर उचलायला लागतो. काकांना हा आकडा लगेच पटला. ते म्हणाले, “म्हणान आमी भरतीक आणखी दोन वाव सोडतव.”

होडी नांगरापासून किती लांब फिरेल हे काढायला क × असाइनएच(ल ÷ क) लागतं (असाइनएच म्हणजे हायपरबोलिक साइनचं उलट फंक्शन), आणि माझी गाडी तिथे अडली. असाइनएच, अकॉसएच, अटॅनएच ही तिन्ही फंक्शनं सी या प्रोग्रामिंग भाषेच्या १९९९ च्या प्रमाणात आली, पण माझ्या उनोवरच्या एव्हीआर चिपसाठीच्या लायब्ररीत ती नाहीत. लॉग१पी, म्हणजे लॉग(१ + क्ष) अचूक काढणारं फंक्शन, तेसुद्धा नाही. म्हणून पुस्तकातलं सूत्र जसंच्या तसं लिहिलं: लॉग(क्ष + वर्गमूळ(क्ष² + १)).

८ आणि ४० ला उत्तर ३८.९२ मीटर आलं, ते बरोबर आहे. पण फंक्शन लिहायचंच तर ते सगळ्या आकड्यांना चालायला हवं. माझ्या उनोवर डबल हा दशांश आकड्यांचा मोठा प्रकार म्हणजे चार बाइटचा छोटा फ्लोटच, जेमतेम सात अंकांचा. क्ष = ०.०००१ दिला तर ०.०००१०००१२ च्या आसपास आलं, म्हणजे एकात मिळवताना शेवटचे अंक गळून पडले. ०.०००००००३ ला तर सरळ शून्य! आणि −१०००० ला उणे अनंत. दहा कोटीत एक मिळवला तर फ्लोटला तो दिसतच नाही, मग वर्गमूळ नेमकं १०००० येतं, बेरीज शून्य होते आणि शून्याचा लॉग घेतला जातो. खरं उत्तर −९.९०३५ आहे. सूत्र कागदावर निर्दोष आहे, तरीही हे घडतं. या एका ओळीपुढे मी दोन संध्याकाळी बसलो होतो.

उपाय तीन भागांत झाला. आधी चिन्ह बाजूला काढून ठेवायचं आणि शेवटी परत लावायचं. मग क्ष + क्ष² ÷ (१ + वर्गमूळ(१ + क्ष²)) एवढं लॉग१पीला द्यायचं. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या १९९३ च्या एफडीलिबएम या गणिती लायब्ररीमध्येही लहान आकड्यांसाठी हेच रूप आहे. लॉग१पीसाठी संगणकी आकडेमोडीचे गणितज्ञ विल्यम काहान यांची युक्ती वापरली: उ = १ + क्ष; उ − १ शून्य आला तर क्ष हेच उत्तर, नाहीतर लॉग(उ) × क्ष ÷ (उ − १). बेरजेत जी चूक होते तीच भागाकारात उलटी पडते आणि कटते. इतकी सुंदर चार ओळींची गोष्ट मी फार कमी पाहिली आहे. फक्त कंपायलरला फास्ट-मॅथ हा वेगासाठी सूत्रं बदलणारा पर्याय देऊ नका. तो (१ + क्ष) − १ चा परस्पर क्ष करून टाकतो आणि युक्ती मरते.

खूप मोठ्या आकड्यांना क्ष² फ्लोटमध्ये मावत नाही, तिथे लॉग(क्ष) + लॉग(२) पुरतं.

परवा कागदावर मांडताना वेगळंच सापडलं. क ची किंमत घातली की असाइनएच(ल ÷ क) हे २ × अटॅनएच(ख ÷ ल) होतं, म्हणजेच लॉग((ल + ख) ÷ (ल − ख)). आमच्या उदाहरणात ४८ ÷ ३२, नेमकं दीड! काका साखळी “खोलीच्या पाचपट” म्हणून मोजतात, तेच गुणोत्तर थेट फंक्शनमध्ये जातं. एक खड्डा मात्र आहे: ल आणि ख सारखे झाले की अटॅनएच अनंत, क शून्य, आणि स्क्रीनवर ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडाच नाही’). तिथे वेगळी अट घातली.

पुढच्या आठवड्यात साखळीला पुढे नायलॉन दोर जोडून बघणार आहे. दोघांची वजनं वेगळी, म्हणून स्थिरांकही दोन, आणि दोराच्या भागासाठी दोन असाइनएचची वजाबाकी करावी लागते. जवळजवळच्या दोन आकड्यांची वजाबाकी म्हटल्यावर तपासण्या आधी लिहायला घेतल्या आहेत.